सेकंडहँड, पण चालवायला मजा येईल अशी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बजेट सहा लाख. रोज हिंजवडीला जाणं-येणं आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी किंवा वरंध घाट. बलेनो आरएस, फिगो डिझेल, पोलो यांत घोटाळलो आहे. की याच पैशात दोन दरवाजांची खरीखुरी स्पोर्ट्स कार मिळेल? – एक वाचक, पुणे

दोन दरवाजांचा विषय आधी संपवू. आपल्याकडे स्वस्त दोनदारी स्पोर्ट्स कार नव्या असतानाच जवळपास विकल्या गेल्या नाहीत, मग त्या सेकंडहँड कुठून येणार? सहा लाखांत जी दिसते ती बहुतेक जुनी आयात गाडी असते. तिचा एक हेडलाइट फुटला तर महिनाभर गाडी गॅरेजमध्ये. तेव्हा आपल्या रस्त्यावरची मजेची गाडी म्हणजे हलकी, आटोपशीर आणि वजनाच्या मानाने दमदार इंजिन असलेली हॅचबॅक.

दुसरं, सहा लाख हातात असतील तर गाडी पाच लाखांची बघा. उरलेला एक लाख पहिल्या सहा महिन्यांत खर्च होणारच आहे असं धरून चाला: चार टायर, सगळी ऑइलं आणि फिल्टर, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, लोअर आर्मचे बुश, कदाचित क्लच. १६ इंची मापाचे चार चांगले टायरच ३० ते ४० हजारांच्या घरात जातात. हे पैसे बाजूला न ठेवणारा माणूस दमलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर वर्षभर गाडी चालवतो आणि मग म्हणतो, गाडीत काही दम नाही.

आता नावं. तुमच्या वापराला आमची पहिली पसंती बलेनो आरएस. मार्च २०१७ मध्ये आली, २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. ९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल, १०२ पीएस ताकद, १५० एनएम टॉर्क, वजन अवघं ९५० किलो आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंग हलकं आहे, रस्ता हाताला फारसा सांगत नाही, हा तिचा उणेपणा मान्य करूनच घ्यायची. पण रोजच्या वाहतुकीत ती त्रास देत नाही आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्येही सुस्त होत नाही. शिवाय याच बूस्टरजेट घराण्याचं इंजिन २०२३ पासून फ्रॉन्क्स टर्बोमध्ये आहे, त्यामुळे सुट्या भागांची काळजी पूर्वीइतकी राहिलेली नाही. साध्या बलेनोला आरएसचा बिल्ला लावून विकणारे भेटतात. मागच्या चाकांत डिस्क आहे का आणि आरसीवर ९९८ सीसी आहे का, एवढं पाहिलं की खरंखोटं कळतं.

फिगोचं दीड लिटर डिझेल म्हणजे १०० पीएस आणि २१५ एनएम. स्टिअरिंग बलेनोपेक्षा कितीतरी बोलकं, चढावर तर विचारूच नका. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू आहे, पण तुमच्या भागातलं केंद्र किती दूर आहे ते आधी बघा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा आणि तेवढी किंमत पाडून मागा.

चाकणला बनलेल्या पोलोत तीन वेगळ्या गाड्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. १.६ पेट्रोल, १०५ पीएस, साधं इंजिन आणि मॅन्युअल गिअर: दुर्मिळ, पण चांगली सांभाळलेली मिळाली तर सोडू नका. १.२ टीएसआय डीएसजी, म्हणजे टर्बो पेट्रोल आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: तिच्याबद्दल पुढे ठाण्याच्या वाचकांच्या उत्तरात बघा. आणि २०२० नंतरची १.० टीएसआय, ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. तिन्हींत ही शेवटची सर्वांत गुणी, पण विकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, त्यामुळे ती तुमच्या पाच लाखांत बसणं अवघड.

पैसे आणखी कमी असते तर फोर्ड फिएस्टा १.६ एस किंवा पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट म्हटलं असतं. फिएस्टाचं हायड्रॉलिक स्टिअरिंग आजही भल्याभल्या नव्या गाड्यांना लाजवतं.

२०१६ ची अबार्थ पुंटो बघितली आहे. ५५ हजार किलोमीटर, दुसरा मालक. सगळे म्हणतात, फियाट गेली, तू अडकशील. घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

रोज वापरायची एकच गाडी म्हणून घेणार असाल तर नको. घरात दुसरी गाडी असेल तर जरूर घ्या, या पैशात भारतात याहून मजेची गाडी मिळत नाही.

रांजणगावला बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. १.४ टी-जेट इंजिन, १४५ पीएस, २१२ एनएम, पाच गिअरची मॅन्युअल. ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. पण हिसका सतत एकाच बाजूला असेल तर मात्र लोअर आर्मचे बुश गेलेले, टायर असमान झिजलेले किंवा गाडी कुठेतरी ठोकून सरळ केलेली.

आधी गाडी खरी आहे का ते बघा. साधी पुंटो इव्हो १.४ पेट्रोल आणि अबार्थ दोन्हींच्या आरसीवर सारखंच १३६८ सीसी लिहिलेलं असतं, म्हणून नुसत्या आरसीवरून फरक कळत नाही. बोनेट उघडून टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप पाहा, मागच्या चाकांत डिस्क आहेत का पाहा. फियाटच्याच अ‍ॅव्हेन्चुरामध्येही अबार्थचं इंजिन येत होतं, १४० पीएसचं. ती उंच असल्याने वळणावर जास्त झुकते, पण खड्ड्यांना बरी.

मग इंजिन. टायमिंग बेल्ट रबरी आहे. किलोमीटर कमी असले तरी इतक्या वर्षांनी तो बदलायलाच हवा, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. बेल्ट तुटला तर हेड उघडणं टळत नाही. इंटरकूलरकडे जाणारे रबरी पाइप जिथे क्लॅम्पने आवळलेले असतात तिथे तेलाचा ओलावा आहे का, बोटाने चाचपून बघा. थोडा ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. गाडी गरम झाल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग एकदम रेस द्या. मागून निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत.

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली आहे का ते विचाराच, आणि उत्तर 'नाही' आलं तरी क्लच तपासा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. रिमॅपने टॉर्क वाढवलेल्या गाड्यांत पहिला बळी याचाच जातो.

सुट्या भागांचं म्हणाल तर इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग लिनिया टी-जेट आणि पुंटोशी जुळतात, फियाटच्याच गटातल्या जीपच्या डीलरांकडे मागवता येतात. अडचण येते ती अबार्थपुरत्या असलेल्या वस्तूंची: पुढचा बंपर, अलॉय चाकं, आतली सजावट. म्हणून इंजिन उत्तम आणि बंपर फुटका अशी गाडी 'किरकोळ काम आहे' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर त्या किरकोळ कामाची वस्तू आधी त्यालाच आणायला सांगा.

पोलो जीटी टीएसआय, २०१४. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला धडधडते. विकणारा म्हणतो, डीएसजी असंच असतं. – एक वाचक, ठाणे

असं नसतं. या गाडीतल्या सात गिअरच्या डीएसजीत तेलात न बुडलेले, कोरडे दोन क्लच असतात. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी गाडी इंचाइंचाने पुढे सरकते तेव्हा पहिला क्लच अर्धवट जोडलेला राहतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग धडधड सुरू होते. क्लच पॅक बदलून ती जाते. पण काम खर्चाचं आहे, त्याला खास टूल्स लागतात आणि नंतर कॉम्प्युटरवर गिअरबॉक्सची बेसिक सेटिंग करावी लागते. ही सेटिंग न करणाऱ्या गॅरेजकडे जाऊ नका.

याहून मोठी भीती मेकॅट्रॉनिकची. गिअर बदलवणारं हे हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट आहे. त्यातलं दाब साठवणारं अ‍ॅक्युम्युलेटर तडकलं की दाब राहत नाही, मीटरवरची गिअरची अक्षरं लुकलुकतात, कधी सम गिअर आणि रिव्हर्स गायब, कधी गाडी जागच्या जागी. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड दिसला तर तो व्यवहार तिथेच सोडा.

बघायला जाल तेव्हा आधी थंड गाडीवर सपाट जागी डी टाकून ब्रेक सोडा. गाडी गुळगुळीत सरकली पाहिजे. मग तासभर गर्दीत चालवून हेच परत करा, आणि एका चढावर रिव्हर्समध्ये न थरथरता मागे येते का ते पाहा. थंड असताना शहाणी आणि गरम झाल्यावर हट्टी होणारे गिअरबॉक्स बरेच असतात. विकणाऱ्याला अर्ध्या तासाचीच टेस्ट ड्राइव्ह द्यायची असते ती याचसाठी.

सगळे सांगतात, 'नीट चालवून बघ'. म्हणजे नक्की काय बघायचं? – एक वाचक, साताऱ्याहून

आधी न सांगता थोडं लवकर पोचा. बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू केलेली आहे आणि थंड इंजिनाचा खडखडाट तुम्हाला ऐकू येणार नाही. स्टार्ट केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांतला साखळीचा खुळखुळाट, एक्झॉस्टचा धूर आणि आयडलची थरथर, बरंच काही इथेच उमगतं.

रस्त्यावर निघाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा पटकन गिअर टाका. खर्रकन आवाज आला तर सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसवणारी रिंग गेली, आणि जोरात चालवलेल्या गाड्यांत दुसऱ्या गिअरचाच सिंक्रो आधी जातो. लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, तळाला आल्यावर दाबा आणि आरशात बघा: निळा ढग म्हणजे इंजिन तेल खातंय. याच उतारावर गिअर आपोआप बाहेर येत नाही ना तेही कळतं. साताऱ्याहून आलात तर खंबाटकी जवळच आहे. ६० वरून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या झाल्यात. स्पीडब्रेकर तिरका घ्या: कुरकुर बुशची, ठकठक लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बॉल जॉइंटची.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलायचे. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने देखभालीतही तसाच हात आखडता घेतला असणार.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, त्याच्या टोकाला मातीची रेघ राहते. कार्पेटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यातही पाहा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये महाड-चिपळूण इथे पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊनपुसून राज्यभर विकल्या जाऊ शकतात. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीत ब्रेकचे पाइप आणि खालचा सांगाडा गंजलाय का ते लिफ्टवर चढवूनच बघावं.

स्कॅनर लावताना नुसते एरर कोड बघून समाधान मानू नका. 'रेडीनेस मॉनिटर' नावाचा भाग उघडा. त्यातल्या बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले आहेत किंवा बॅटरी काढलेली होती. दोन्हींचं कारण विचारा.

दिल्लीत स्कोडा लॉरा व्हीआरएस, २०१२, इथल्यापेक्षा बरीच स्वस्त आहे. आणावी का? – एक वाचक, कोल्हापूर

स्वस्त का आहे ते बघा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीचा धाक असल्याने तिथे जुन्या गाडीला गिऱ्हाईक नाही. गाडीचा त्यात दोष नाही. पण गणित पूर्ण मांडा. इथे नोंदणीसाठी दिल्लीच्या कार्यालयाची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर एमएच क्रमांक घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३. वयाप्रमाणे हा कर कमी होतो, पण हिशेब गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या पैशांवरून नाही. लॉरा व्हीआरएस नवी असताना १० लाखांच्या बरीच वर होती. त्यात वाहतूक, एजंट आणि दोन खेपा धरल्या की फरक पुष्कळ आटतो.

आणि मुळात व्हीआरएसच का? तिच्यातलं १.८ टीएसआय, १६० पीएस आणि सहा गिअरची मॅन्युअल साध्या लॉरा १.८ टीएसआयमध्येही मिळते. सस्पेन्शन, चाकं, बंपर आणि बिल्ला यांचे पैसे वेगळे लागतात. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातून निघालेली एमएच क्रमांकाची साधी लॉरा, एका मालकाची, संपूर्ण बिलांसह मिळाली तर आम्ही डोळे झाकून तीच घेऊ. बरं, डोळे उघडे ठेवूनच, कारण या इंजिनाचे दोन रोग प्रसिद्ध आहेत. पिस्टन रिंगमुळे तेल खाणं: ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरून १००० किलोमीटर चालवा, अर्ध्या लिटरहून जास्त घटलं तर मोठं काम समोर उभं आहे. आणि टायमिंग चेनचा टेन्शनर: थंड स्टार्टला खुळखुळाट आला तर चालढकल करू नका, चेन घसरली की व्हॉल्व्ह वाकतात. चढावर नुसत्या गिअरवर गाडी लावू नका, हँडब्रेक ओढाच. इंजिन उलट्या दिशेने ढकललं गेलं की टेन्शनर सैल पडू शकतो.

इंग्लंडमध्ये तीन वर्षं आहे. माझदा एमएक्स-५ घ्यायची आणि परतताना भारतात आणायची इच्छा आहे. – एक वाचक, स्लाऊ

घ्या, पण आणायचा बेत सोडा. भारतात आयात करायची जुनी गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. तीन वर्षांच्या आतली गाडी आणली तरी तिच्यावरचा कर ऐकून हौस फिटेल.

तिथे मात्र ती अगदी योग्य निवड. मागच्या चाकांना ताकद, दोन सीट, लहान इंजिन, आणि सुटे भाग मुबलक. २००५ ते २०१५ ची तिसरी पिढी बघा, त्यातही २ लिटर, १६० पीएस. शत्रू एकच, गंज. मागच्या चाकांच्या कमानी आणि दरवाजाखालच्या पट्ट्या हाताने दाबून बघा. कापडी टपाच्या मागे पाणी जायला भोकं असतात, ती पाल्याने बुजली की पाणी याच पट्ट्यांत साचतं. दुसऱ्या पिढीत पुढचे चेसिस रेल आतून सडतात, त्यामुळे लिफ्टशिवाय ती घेऊ नका. गाडीच्या नंबरवरून जुन्या एमओटी, म्हणजे तिथल्या वार्षिक फिटनेस तपासण्यांचे शेरे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात गंजाचा उल्लेख दोन-तीन वर्षं ओळीने आला असेल तर पुढची गाडी बघा. लंडनमध्ये जाणार असाल तर युलेझची, म्हणजे तिथल्या कमी प्रदूषणाच्या विभागाची अट त्याच नंबरवरून तपासा, नाही बसली तर दिवसाला साडेबारा पौंड.

रिमॅप आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर चालेल का? – एक वाचक, पिंपरी

सायलेन्सर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनी अडून बसू शकते. तेच पैसे चांगले टायर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर घाला, घाटात फरक जास्त जाणवेल. वेगाची भूक असेल तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा.

२००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक मिळतेय. ई-२० पेट्रोलचं काय? – एक वाचक, सांगली

१०६ पीएसची ही गाडी ६००० आरपीएमच्या पुढे जे गाते ते ऐकण्यासारखं आहे, म्हणून घेऊ नका असं सांगवत नाही. पण ती ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि नंतर दोन-तीन टाक्या झाल्यावर पेट्रोल फिल्टर बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना चिकटा धुऊन आणतं. महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली दमट हवा इथेनॉलमध्ये पाणी मिसळते. टायमिंग बेल्ट आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलून घ्या. १५ वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे का आणि ते कधीपर्यंत आहे हे आरसीवर पाहा. १ एप्रिल २०२२ ला मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५००० झालं, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. दोन्ही थकलेलं असेल तर ते विकणाऱ्याने भरायचं, नाव बदलायच्या आधी.